न जोडलेले चौकोन

लग्नानंतरच्या तीस वर्षांत नेई तावरीबाने नणंदेला काय काय दिलं, हे किरिबासमधल्या अबेमामा बेटावरच्या त्यांच्या गावात कोणालाही विचारावं. पहिल्या वर्षी मच्छरदाणी. मग सायकल. मग हाताने फिरवायचं शिलाई मशीन, जे तिच्या बापाने ओनोतोआ बेटावरून बोटीने पाठवलं होतं. दोन डुकरिणी, त्यातली एक गाभण. पावसाचं पाणी साठवायचा पत्र्याचा पिंप. आणि सायकल व मशीन यांच्या मधल्या वर्षी एक मुलगी.

यात नणंदेने, नेई ब्वाकोवाने, काही लुबाडलं असं कोणी म्हणणार नाही. नात्यातलं माणूस घरी येतं, बसतं, इकडचं तिकडचं बोलतं आणि एखाद्या वस्तूचं नाव घेऊन ‘मला बुबुसी आहे’ म्हणतं. एवढं म्हटलं की ती वस्तू द्यायची. नाही म्हणणाऱ्याचं नाव मानेआबात, म्हणजे गावच्या सभाघरात, म्हातारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या काढतात. मागणाऱ्यालाही लाज असतेच. म्हणून लोक जपून मागतात, आणि उद्या आपल्या दारातही कोणी येऊन बसणार आहे हे धरून चालतात. ब्वाकोवाला ती लाज जन्मतःच दिली नव्हती, असं तावरीबाचं मत होतं. हे मत तिने तीस वर्षांत एकदाही तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. ते तिच्या जबड्यात राहत असे. नणंद दिसली की तो जबडा घट्ट मिटायचा, आणि बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या.

मुलीचं सांगायचं तर ती जन्मायच्या आधीच दिली गेली. ब्वाकोवाला मूल होत नव्हतं. तावरीबाला पाचवा महिना लागला तेव्हा ती आली, पायरीवर बसली, आणि पोटाकडे बोट न दाखवता पोट मागितलं. तावरीबाने मान हलवली. मुलीचं नाव ब्वाकोवानेच ठेवलं, बेरेता. दोन घरांमध्ये चाळीस पावलांची वाट होती. त्या वाटेने बेरेता रांगत आली, चालत आली, शाळेची पाटी घेऊन आली, आणि तावरीबाला मामी म्हणत राहिली. दिलेल्या मुलाला जन्म देणारीने ‘माझं’ म्हणायचं नसतं. सव्वीस वर्षं तावरीबाने ते म्हटलं नव्हतं. पुढे दोन मुलगे झाले, एक परदेशी जहाजावर गेला, एक राजधानीत, तारावाला राहिला. त्यांना ती दिवसातून दहा वेळा ‘माझे’ म्हणायची, जरा जास्तच मोठ्याने.

क्रोशाचं काम तिला तिच्या आईने शिकवलं होतं. मधोमध फूल, भोवती हिरवी पानं, त्याबाहेर पांढरी चौकट, असा तळहातापेक्षा थोडा मोठा चौकोन. असे चौकोन जोडले की पांघरूण. तिने पहिलं पांघरूण पूर्ण केलं, ते त्याच आठवड्यात ब्वाकोवाकडे गेलं. दुसरं नवऱ्याच्या चुलत्याकडे. तिसऱ्या वेळी तिने डोकं चालवलं. चौकोन केले, पण जोडले नाहीत. तांदळाच्या रिकाम्या पोत्यात टाकत गेली. कोणी पांघरुणाचं नाव काढलं की म्हणायची, अजून जोडलेलं नाही. जे अजून झालंच नाही ते मागणार कसं? गावात याची चेष्टा झाली. कोणाची होडी अर्धवट राहिली, कोणाच्या घराचं छप्पर रखडलं, की लोक म्हणत, तावरीबाला विचारा कधी जोडायचं ते. अकरा वर्षं हे चाललं. पोत्यात एकशे चोवीस चौकोन झाले. बारा ओळी, प्रत्येकीत बारा, असा तिचा हिशोब होता. वीस कमी होते, आणि ते वीस ती मुद्दाम करत नव्हती.

मग बेरेताच्या मुलीचा पहिला वाढदिवस जवळ आला.

पहिला वाढदिवस म्हणजे सगळं गाव मानेआबात. डुक्कर कापतात, खड्ड्यातला मोठा अळूकंद काढतात, नीरफणस भाजतात. बाळाला मध्ये बसवतात, आणि बसवण्याआधी आज्या पुढे येऊन आपापल्या हाताने त्याच्याखाली अंथरतात. केवड्याच्या पातीच्या चटया, त्यावर कापड, त्यावर जे असेल ते. बाळाच्या आईच्या मामीला त्यात जागा नव्हती. पण काही घेऊन पुढे आलेल्या बाईला हाकलायची रीतही नव्हती. तावरीबाने ठरवलं की आपण पुढे जायचं. तारावाहून बोट आली तेव्हा तिने उरलेल्या वीस फुलांसाठी लोकर आणवली. दुकानात नारिंगी तेवढी होती. नारिंगी तर नारिंगी. वाढदिवसाला पाच आठवडे असताना एका सकाळी तिने घरापुढच्या बसायच्या बुटक्या मचाणावर चटई पसरली आणि सगळे चौकोन ओळीने मांडून पाहिले. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच एकत्र उन्हात आले होते.

नेमकी तेव्हाच ब्वाकोवा आली. एका हातात काठी, दुसऱ्यात पानात गुंडाळलेला भाजलेला मासा. मासा पाहूनच तावरीबाला कळलं. रिकाम्या हाताने आली असती तर गप्पा मारायला आली असती.

ब्वाकोवा मचाणाच्या कडेला टेकली. गुडघ्यांबद्दल बोलली. बोट उशिरा आली, पिठाला किडे होते, त्याबद्दल बोलली. मग एक चौकोन उचलून मांडीवर ठेवला आणि तळहाताने दाबला.

“किती सपाट बसतात गं तुझे,” ती म्हणाली. “वहिनी, मला बुबुसी आहे.”

“अजून जोडलेलं नाही, वन्सं.”

“दिसतंय की मला. पांघरूण कुठे मागतेय मी? चौकोन मागतेय. आहेत तेवढे. आणि ती नवी लोकर.”

तावरीबाने विचारू नये ते विचारलं. कशाला हवेत, असं. मागणाऱ्याला कारण विचारणं म्हणजे थोबाडीत देण्यासारखंच असतं, पण ब्वाकोवाला लागलं नाही.

“नातीच्या खाली घालायला,” ती म्हणाली. “आजी मीच आहे ना?”

तावरीबाने पोतं आणलं. चौकोन एकेक उचलून त्यात टाकले, वरती लोकरीचे गुंडे टाकले, तोंड सुतळीने बांधलं. सुतळी इतकी आवळली की पुढे ती सुरीने कापावी लागली. ब्वाकोवा उठता उठता म्हणाली की वीस कमी पडतायत हे तिला ठाऊक आहे, पण वहिनीच्या डोळ्यांना कशाला त्रास; बेरेताला पाठवते, तिला शिकव, ती करेल. एवढं बोलून ती पोतं खांद्यावर टाकून, काठी टेकत चाळीस पावलांच्या वाटेने गेली. मासा मचाणावर राहिला. तावरीबाने तो कोंबड्यांना टाकला.

दुपारपर्यंत तिने तीन नारळ खवले. तिसऱ्याच्या वेळी खोबरं संपून करवंटी खरवडली जात होती, तरी हात थांबले नाहीत. नवरा, बिरिमाका, माडावरून उतरला तेव्हा त्याच्या हातात रसाची बाटली होती आणि ओठांवर गाणं होतं. माडी काढणारे वर चढले की गातातच, आणि बिरिमाका खाली उतरल्यावरही गायचा. तिचा चेहरा पाहून गाणं थांबलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने जे म्हणायला नको होतं ते म्हटलं. पांघरूण त्याच पोरीच्या खाली जाणार होतं ना? मग जाईल की.

“हात कोणाचा?” तावरीबाने विचारलं.

“ताईचा. पण काम तुझं, हे सगळ्यांना...”

“हात कोणाचा, ते विचारलं मी.”

बिरिमाकाने बाटली खाली ठेवली. मी आजारी होतो तेव्हा ताई तीन महिने इथे येऊन राहिली होती, माझं अंग पुसत होती, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तरी ते त्याच्या मनात आलं हे तावरीबाला दिसलं, आणि तिचा राग आणखी वाढला. कारण ते खरं होतं. ब्वाकोवाने त्या तीन महिन्यांत काहीही मागितलं नव्हतं. नुसती मागणारी बाई असती तर तिच्यावर रागावणं किती सोपं झालं असतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. किरिबासमध्ये वस्तू मागता येते, मूल मागता येतं, पण विद्या मागता येत नाही. होडी कशी बांधायची, वारा कसा ओळखायचा, नाचाचं गाणं कसं रचायचं, हे ज्या घराचं त्या घरात राहतं. बाहेरचा शिकायला आला तर त्याला परत पाठवत नाहीत. शिकवतात. फक्त एक काहीतरी ठेवून घेतात. होडी बांधणारा एक गाठ पाठीआड मारतो. शिकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं आणि तो वाईट वाटून घेत नाही. तावरीबाकडे तीस वर्षांत अकरा बायका शिकून गेल्या होत्या. त्यांचे चौकोन दिसायला तिच्यासारखेच, पण एकही सपाट बसत नसे. चारी कडा वर उचललेल्या, मध्ये खळगा. बायका त्यांना वाट्या म्हणत. तावरीबाकडे शिकलीस का, मग वाढ त्यात भात, अशी थट्टा चाले. तावरीबा चारचौघींत फक्त फुलं करी. हिरवी आणि पांढरी फेरी घरी, पाण्याकडे तोंड करून. लोकांना वाटे, बाई मानी आहे.

दुसऱ्या दिवशी बेरेता आली. कमरेवर बाळ, हातात नारिंगी गुंडा. बाळाला चटईवर सोडलं आणि मामीसमोर बसली. तावरीबाने सायकलच्या तारेची घासून केलेली सुई तिच्या हातात दिली आणि एकही शब्द जास्त न बोलता शिकवायला घेतलं. पाच साखळ्या कर, शेवटची पहिलीत अडकव, झालं कडं. कड्यात आठ खांब. हा फुलाचा मधला भाग, पिवळा. दोरा बदल. आता पाकळ्या, नारिंगी. प्रत्येक खांबावर तीन खांब, पण अर्धे सोडायचे, आणि तिन्ही एका दमात मिटायचे, म्हणजे पाकळी टोकाला मिटते. दोन पाकळ्यांमध्ये दोन साखळ्या.

बेरेताच्या नऊ पाकळ्या झाल्या.

“उसव,” तावरीबा म्हणाली.

पुन्हा केल्या, आठ झाल्या, पण तीन ढिल्या. उसव. पुन्हा. तिसऱ्यांदा फूल जमलं तेव्हा तावरीबाने ते उलटं करून पाहिलं आणि परत दिलं. चांगलं म्हटलं नाही. मग हिरवा दोरा. पाकळ्यांमधल्या जागा आठ. एक सोडून एक जागा म्हणजे कोपरा. कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, परत तीन खांब. मधल्या जागेत नुसते तीन. गोल फूल इथे चौकोनी होतं, त्यामुळे इथे चुकलीस तर पुढे काही खरं नाही. मग पांढरी फेरी, तशीच. ब्वाकोवाने एकीकडे चौकोन नेले, दुसरीकडे हिला शिकायला पाठवून दिलं, आणि ही पोरगी इथे बसून जीभ दातात धरून खांब मोजतेय, हे पाहून तावरीबाच्या कानशिलाची शीर उडत होती. तिने सगळं शिकवलं, आणि जे अकरा जणींना सांगितलं नव्हतं ते हिलाही सांगितलं नाही. ही त्या घरची. त्या घराला त्या घरासारखं शिकवलं.

तिसऱ्या दिवशी बेरेताकडे तीन चौकोन होते आणि तिन्ही वाट्या होत्या. ती तक्रार न करता बसली. तिने घरून मामीचे दोन चौकोन आणले होते. ते आणि आपले शेजारी ठेवले. एकेक खांब बोटाने मोजला. उलटं करून मोजला. बाळ लोकरीच्या मागे रांगत मचाणाच्या कडेपर्यंत गेलं, तेव्हा तावरीबानेच ते पायाला धरून मागे ओढलं.

“मामी, टाके तेवढेच आहेत,” बेरेता शेवटी म्हणाली. “खेचही तेवढीच आहे, मी बघितलं. काहीतरी तू सांगितलेलं नाहीस.”

तावरीबाने बाळाच्या मुठीतला दोरा सोडवला.

“आईला मी काही बोलणार नाही. वाट्यांचंच पांघरूण करेन, माझी हरकत नाही. मला फक्त एवढंच सांग. बाहेरच्यांना सांगतेस तसं मला सांगितलंस का?”

“तू त्या घरची आहेस.”

“हो. पण मला कुठे कोणी विचारलं होतं?”

हे ती चिडून म्हणाली नाही, तेच तावरीबाला झोंबलं. पोरीचा स्वर एखादी साधी चूक दाखवावी तसा होता, नऊ पाकळ्या झाल्यात असं सांगावं तसा. तीस वर्षं तावरीबाच्या रागाला एकच पत्ता होता, चाळीस पावलांवरचा. मागणारी ब्वाकोवा. पण मागितल्यावर मान कोणी हलवली होती? पायरीवर बसलेल्या त्या बाईच्या डोळ्यात पाणी होतं आणि आपण नाही म्हणायला घाबरलो होतो. लोक काय म्हणतील, मानेआबात आपलं नाव कसं निघेल, याला घाबरलो होतो. स्वतःवरचा तो राग नणंदेवरच्या रागापेक्षा खोल होता, आणि त्याला आजवर कुठे जागाच मिळाली नव्हती. तावरीबाला त्या पोरीला एक ठेवून द्यावीशी वाटली. तिने तसं केलं नाही. तिने हात डोक्यामागे नेला आणि अंबाड्यात खोचलेली लाकडी काडी उपसली. अंबाडा सुटून पाठीवर पडला.

ती काडी नव्हती. कठीण लाकडाची, टोकाला खाच असलेली जाड सुई होती. सगळं गाव ती रोज पाहत होतं.

“फूल तारेच्या सुईने,” तावरीबा म्हणाली. तिचा आवाज भांडणाऱ्या बाईचाच होता. “हिरवं आणि पांढरं हिने. टाके तेच, पण कडेला जागा मिळते. कड अंग टाकते. माझ्या आईने हे फक्त मला सांगितलं. माझ्या बहिणींना नाही.”

बेरेताने सुई घेतली. तिन्ही वाट्या पिवळ्या-नारिंगीपर्यंत उसवल्या आणि नव्याने हिरवा दोरा लावला. कोपरा झाल्यावर तावरीबाने तो दाबून पाहिला आणि पुढे चल म्हणाली. एवढ्यावर ते संपलं. दोघी परत त्याबद्दल बोलल्या नाहीत. पण वीस चौकोन होईपर्यंत बेरेता रोज येत होती, आणि रोज तावरीबाचे केस मोकळे असत. बिरिमाकाने एकदा त्याबद्दल विचारलं आणि उत्तरादाखल जे मिळालं त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

वाढदिवसाला ब्वाकोवा पुढे आली. जावयाच्या आईने चटया घातल्या होत्या. ब्वाकोवाने काठी कोणाकडे तरी दिली, वाकली, आणि त्यावर पांघरूण पसरलं. बारा ओळी, प्रत्येकीत बारा चौकोन. जोडणी बेरेतानेच केली होती. नारिंगी फुलं एका कोपऱ्यात न ठेवता तिने सगळीकडे विखुरली होती. बाळाला मध्ये बसवलं आणि त्याने लगेच एक नारिंगी पाकळी तोंडात घालायचा प्रयत्न केला. लोक हसले.

बायकांच्या बाजूला हसणं लवकर थांबलं. पहिल्या ओळीतली एक म्हातारी पुढे सरकून बसली होती. तिने एका नारिंगी चौकोनावर तळहात ठेवला, मग दुसऱ्यावर. बाजूचीने ठेवला. जुने चौकोन तावरीबाचे, ते सगळ्यांना तोंडपाठ होते. नारिंगी तिचे नव्हेत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ब्वाकोवाने पाच आठवडे गावभर सांगितलं होतं की राहिलेले बेरेता करतेय. शेवटी त्या अकरा जणींपैकी एक होती, तेकाई नावाची, तिला राहवलं नाही.

“यातल्या वाट्या कुठे गेल्या गं?” ती म्हणाली.

ब्वाकोवाला क्रोशातलं काही कळत नव्हतं, पण लोकांचे चेहरे तिला कोणाहीपेक्षा चांगले वाचता येत. तिने पांघरुणाकडे पाहिलं. बेरेताकडे पाहिलं. बेरेता बाळाच्या तोंडातून लोकर काढण्यात गुंतली होती. मग तिने खांबाशी बसलेल्या वहिनीकडे पाहिलं. तावरीबानेही नजर वळवली नाही. तिला वाटलं होतं, या क्षणी बरं वाटेल. वाटलं नाही. पांघरूण पसरणारा तो सुरकुतलेला हात, तिचा स्वतःचा नसलेला, तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. डुकराचं मांस वाढलं गेलं तेव्हा तिने ते शेजारणीच्या पानात टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्वाकोवा आली. हात रिकामे होते. बसली नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली आणि सांगितलं की पांघरूण गेलं. तिच्या नवऱ्याचा पुतण्या तारावाहून वाढदिवसाला आला होता, काल निघायची तयारी करताना त्याने बुबुसी घातली. तिने दिलं. आज पहाटेच्या बोटीने तो गेलाही. दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी आपण सांगावं म्हणून ती आली होती.

बिरिमाका माडावर होता. वरून त्याचं गाणं येत होतं.

“दिलंस,” तावरीबा म्हणाली.

“मागितलं. काय करणार होते?”

“माझे एकशे चोवीस होते. ते तू मागितलेस, मी दिले, तुझे झाले. तुझे तू कोणालाही दे, समुद्रात टाक. तुला मशीन दिलं तेव्हा मी बोलले का? सायकल दिली तेव्हा बोलले का?” तावरीबा उभी राहिली होती. ती ओरडत नव्हती, पण रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली. “पण त्यातले वीस माझ्या लेकीचे होते. माझ्या लेकीने केलेले होते ते. तिने वीस दिवस माझ्यासमोर बसून केले. ते कोणाला विचारून दिलेस?”

वरचं गाणं थांबलं.

ब्वाकोवाच्या तोंडाची एक बाजू थोडी हलली. रस्त्यावरची माणसं चालू लागली, मुद्दाम भरभर. मग ब्वाकोवा मचाणाच्या कडेला बसली, कोणी बस म्हटलं नव्हतं तरी.

“मोठ्याने बोललीस,” ती म्हणाली.

“मोठ्यानेच बोलले.”

“मला वाटलं होतं, पहिल्याच वर्षी बोलशील. पोर तापाने फणफणली होती तेव्हा. तू दारात येऊन उभी राहिलीस, मला वाटलं आता बोलते. मग शाळेत घातली तेव्हा. मग लग्नात. लग्नाच्या आदल्या दिवशी मी जेवले नाही, माहीत आहे? हीच आता बोलते आणि घेऊन जाते, असं वाटत राहायचं.” तिने काठीने चटईची कड सरळ केली. “दर वेळी तू गप्प. मग मी काहीतरी मागायची, आणि तू द्यायचीस. तू दिलंस की मला वाटायचं, चला, पोर अजून माझ्याकडे आहे.”

तावरीबाला हे ऐकून दया यायला हवी होती. तिला आली नाही. मशीन, पिंप, डुकरिणी. तिच्या गप्प बसण्याची खात्री करून घ्यायला नेलेल्या वस्तू. तिचा जबडा पुन्हा मिटू लागला, आणि या वेळी तिने तो मिटू दिला नाही.

“म्हणजे मी बोलले असते तर?”

“तर मी काय करणार होते?” ब्वाकोवा म्हणाली. “रडले असते. पोर दोन्हीकडे राहिली असती. चाळीस पावलं तर आहेत.”

माडावरून बिरिमाका हळूहळू उतरत होता, मध्येच थांबत, खाली उतरावं की न उतरावं हे ठरत नसल्यासारखा. ब्वाकोवा काठी टेकून उठली. तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. तावरीबाने हात पुढे केला नाही.

“रस्त्यावरच्या दोघांनी ऐकलंय,” ब्वाकोवा म्हणाली. “दुपारपर्यंत गावभर होईल. मी बेरेताला घरी जाऊन काय सांगू?”

“तू काही सांगू नकोस,” तावरीबा म्हणाली. “मी सांगते.”

आणि मचाणावरून उतरून ती वाटेला लागली. मागे काठी घेऊन येणाऱ्या नणंदेसाठी ती थांबली नाही.